जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बदलताना

आपल्या शाळेच्या कार्यालयात खिडकीलगतच्या टेबलावर एक जुना, पिवळट पडलेला संगणक आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. विंडोज ९८ वर चालणारे हे यंत्र अजून भंगारात का दिले नाही, असा प्रश्न एका पालकसभेत विचारला गेला होता. प्रश्न रास्त होता. गेल्या उन्हाळ्यात त्या संगणकाची हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजू लागली, तेव्हा त्याचे उत्तर नीट मांडण्याची वेळ आली.

या संगणकात शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांची सूची आहे: विद्यार्थ्याचे नाव, रजिस्टर क्रमांक, पान आणि नोंदीचा अनुक्रमांक. कायदेशीर पुरावा मूळ रजिस्टर हाच. परंतु कोणते नाव कोणत्या पानावर आहे, हे या सूचीवाचून शोधायचे म्हटले तर दिवस जातो. जात प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ साली अमलात आला. तेव्हापासून वडिलांच्या, काकांच्या, आजोबांच्या शालेय नोंदीचा उतारा मागण्यासाठी लोक कार्यालयात येत असतात. प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आलेला विद्यार्थी दारात उभा असतो, तेव्हा ही सूची म्हणजे काय हे कळते.

मग ती सूची नव्या संगणकात उतरवून जुना टाकून का दिला नाही? अडचण लिपीची होती. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन 'श्रीलिपी', 'आकृती', सी-डॅकचे 'आयएसएम' अशा सॉफ्टवेअरवर होत असे. अक्षरांच्या आकारांना प्रत्येकाने आपापले क्रमांक दिलेले असत. एका पद्धतीतला मजकूर दुसरीकडे उघडला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. शिवाय अशा सॉफ्टवेअरना पुष्कळदा 'डाँगल' लागे. ही प्रिंटरच्या पोर्टला लावायची किल्ली. ती नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. नव्या संगणकांना ते पोर्टच नसते. म्हणजे सूची जशी लिहिली गेली तशी वाचायची, तर हेच यंत्र जिवंत हवे.

हार्ड डिस्कच्या आत धातूच्या किंवा काचेच्या चकचकीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. आपल्या डिस्कमधील तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून वाचनाचे 'हेड' हवेच्या पातळ थरावर तरंगत फिरते. दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. एवढ्या नाजूक मांडणीने वीस वर्षांहून अधिक काळ काम केले, हेच नवल. त्यात नागपूरचा मे महिना! पारा ४५ अंशांपलीकडे जाई आणि कार्यालयातील कुलरचा दमट झोत थेट संगणकावर येई. पॉवर सप्लायच्या पंख्यावर धुळीचा अक्षरशः चिखल बसला होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक, आयबीएमचा 'रॅमॅक', जगापुढे आला तो सप्टेंबर १९५६ मध्ये. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आपल्या शाळेची मुठीएवढी डिस्क ४.३ जीबीची, म्हणजे त्याच्या साडेआठशे पटींहून मोठी.

डिस्क बिघडत असल्याची चिन्हे ठरलेली असतात. फाइल उघडायला उशीर लागतो, मध्येच पडदा गोठतो आणि मग ठरावीक अंतराने 'टक्, टक्' असा आवाज येऊ लागतो. हेडला आपली जागा सापडत नाही, ते परत फिरते आणि पुन्हा प्रयत्न करते. तो हा आवाज. आमचा एक माजी विद्यार्थी संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याला फोनवरून आवाज ऐकवला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, आता बंद करा, आणि मी येईपर्यंत बटणाला हात लावू नका."

या सल्ल्यात सगळे सार होते. अशा वेळी आपण नेमके उलटे करतो. स्कॅनडिस्क चालवतो, डीफ्रॅग करतो, पुन्हा पुन्हा सुरू करून पाहतो. या प्रत्येक प्रयत्नात मरणासन्न डिस्कला पळवले जाते, शिवाय तिच्यावर नवे काही लिहिले जाते. वीज जाऊन संगणक अचानक बंद पडला की विंडोज ९८ पुढच्या वेळी स्कॅनडिस्क आपण होऊनच सुरू करते, हाही धोका. डिस्क फ्रिजरमध्ये ठेवण्याचा उपाय काही जण सांगतात; तो करू नये. बाहेर काढताच आत दव धरते. झाकण उघडून पाहणे तर सर्वथा वर्ज्य, कारण त्या अंतरात धुळीचा एक कणही डोंगर ठरतो.

आधी प्रत, मग दुरुस्ती, हा क्रम त्याने पाळला. डिस्क काढून, स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या आयडीई-यूएसबी जोडणीने ती लिनक्सच्या संगणकाला लावली आणि 'डीडीरेस्क्यू' हा मुक्त प्रोग्राम चालवला. याची रीत शहाणी आहे. जे सहज वाचता येते ते आधी उचलून घ्यायचे, अडेल भाग सोडून पुढे जायचे आणि शेवटी त्या भागांकडे पुन्हा वळायचे. काय वाचले, काय राहिले याचा नकाशा तो एका फाइलीत ठेवतो. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तेथूनच पुढे सुरू करता येते. पहिल्या प्रयत्नात प्रत पेन ड्राइव्हवर घेऊ लागलो, तर ती शेवटाला अडली. पेन ड्राइव्हच्या फॅट-३२ मांडणीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि आमची प्रत किंचित मोठी होती.

आता बदली डिस्क. चाळीस पिनांच्या आयडीई डिस्क नव्या बनत नाहीत. जुन्या बाजारात मिळतात त्या आपल्या डिस्कच्याच वयाच्या. म्हणून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड निवडले. जुन्या कॅमेऱ्यांत असे ते. हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा जाणते, त्यामुळे मधला जोड म्हणजे केवळ तारांची जुळणी असते. कार्ड ८ जीबीचेच घेतले, त्याला कारण आहे. त्या काळचे अनेक बायोस ८.४ जीबीपलीकडचे ओळखत नाहीत, आणि त्याहून जुने तर ५२८ एमबीवरच थांबतात. प्रत कार्डावर उतरवली, जंपर 'मास्टर'वर ठेवला, रिबन केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे केली. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरीही बदलली. ती संपल्यामुळे संगणक दरवेळी भलतीच तारीख दाखवत होता. बायोसमध्ये डिस्क नव्याने ओळखवून घेतल्यावर विंडोज ९८ चा ओळखीचा पडदा उमटला. कार्यालयात कोणीतरी टाळी वाजवली. टक्-टक् अर्थातच नव्हती. कार्डही अमर नसते, त्यावर लिहिण्याला मर्यादा आहे. म्हणून मूळ प्रत आणखी दोन ठिकाणी ठेवली आहे.

परंतु अधिक वेळ गेला तो पुढे. यंत्र सुरू झाल्यावर सूची युनिकोडमध्ये नेली. जुन्या पद्धतीत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. 'गजभिये' मधील पहिली वेलांटी 'भ'च्या आधी, 'सूर्यवंशी'तील रफार 'य'च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी अदलाबदल करावी लागते. रूपांतराचा प्रोग्राम हे बहुतांशी करतो, पण 'मेश्राम', 'खोब्रागडे' यांसारख्या जोडाक्षरांशी तो अडखळला. पडताळणीत एका वेलांटीच्या फरकावरून अर्ज परत आल्याची उदाहरणे आपल्यातील अनेकांना ठाऊक आहेत. म्हणून आम्ही तीन शिक्षकांनी मूळ रजिस्टर समोर ठेवून प्रत्येक नाव वाचले. एकाने मोठ्याने, दुसऱ्याने पडद्यावर, तिसऱ्याने रजिस्टरात.

नकाशाप्रमाणे काही सेक्टर अखेरपर्यंत वाचले गेले नाहीत. एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट. आपल्या सूचीच्या हिशेबाने त्यात आठ-दहा नावे मावतात. ती मूळ रजिस्टरांवरून पुन्हा भरली. दोन पानांचे कोपरे मात्र वाळवीने खाल्ले आहेत, तेथे अनुक्रमांक आहे आणि नाव नाही. सूचीत त्या जागा अनुक्रमांकासह मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्यांच्याजवळ शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल, त्यांनी त्यावरील रजिस्टर क्रमांक कार्यालयात एकदा पडताळून पाहावा. त्या मोकळ्या जागांपैकी एखादी त्यांचीच असू शकेल.