परगावचा पाठीराखा आणि लूटनचे दार

इंग्लंडात फुटबॉलचा सामना पाहण्यास जाणारा प्रेक्षक दोन प्रकारचा असतो. एक आपल्या गावच्या मैदानावर, वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या जागी बसून खेळ पाहणारा. दुसरा आपल्या संघाच्या पाठोपाठ परगावी जाणारा. या दुसऱ्याचा दिवस मोठा कष्टाचा असतो. भल्या सकाळी तो आगगाडी गाठतो, गळ्यात संघाच्या रंगाचा लोकरी पट्टा गुंडाळतो, अनोळखी गावात उतरून वाट विचारीत मैदान शोधतो, तेथे एका कोपऱ्यात दीड-दोन तास घसा कोरडा करतो, आणि संघ हरला तर तोच प्रवास निमूटपणे उलट करतो. आपल्याकडे गावच्या यात्रेत कुस्तीचा फड भरला म्हणजे पंचक्रोशीतले लोक यजमान गावकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून हौदाभोवती बसतात. कोण कोणाचा हे ज्याच्या त्याच्या ओरडण्यावरून कळते. इंग्लंडात तसे नाही. तेथे पाहुण्यांना दार वेगळे, गॅलरी वेगळी आणि यजमान व पाहुणे यांच्यामध्ये रखवालदारांची रांग. ही व्यवस्था कशी आली, आणि पाहुण्यालाच वजा करून पाहिले असता काय होते, हे समजून घेण्यास लूटन या गावासारखे दुसरे उदाहरण नाही.

लूटन लंडनच्या उत्तरेस सुमारे तीस मैलांवर आहे. वस्ती दोन लाखांवर गेली तरी त्याला शहराचा अधिकृत दर्जा नाही. कागदोपत्री ते अद्याप एक गावच आहे. एके काळी येथे गवती टोप्या विणण्याचा धंदा जोरात होता, म्हणून 1885 साली स्थापन झालेल्या येथील फुटबॉल क्लबाला लोक ‘टोपीवाले’ म्हणतात. मराठी दप्तरांत युरोपातून आलेल्या साऱ्यांनाच ‘टोपीकर’ म्हटलेले आढळते. त्या न्यायाने लूटनकरांना ही पदवी दुहेरी शोभते. टोप्यांमागून व्हॉक्सहॉल मोटारींचा कारखाना आला, आणि 2025 साली तोही बंद झाला. क्लब मात्र राहिला. 1905 पासून त्याचे मैदान केनिलवर्थ रोडवर आहे.

स्थानकावरून निघालेला परगावचा पाठीराखा सुमारे मैलभर चालून बरी पार्क नावाच्या वस्तीत येतो. येथे पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबांची दाट वस्ती आहे. लिव्हरपूलहून किंवा न्यूकॅसलहून आलेला गोरा माणूस मिठाईची, कापडाची आणि मांसाची दुकाने ओलांडीत, पुढल्याच्या पाठीवर नजर ठेवून चालतो. मैदान कोठे दिसतच नाही. दिसते ती ओक रोडवरील एकाला एक चिकटलेल्या विटकरी घरांची रांग. त्या रांगेत मध्येच एका जागी घराचा दिवाणखाना असावा तेथे भगदाड आहे आणि त्यात एका वेळी एकच माणूस आत सोडणारी फिरती फाटके बसविली आहेत. हेच पाहुण्यांचे दार! आत शिरून लोखंडी जिना चढू लागले की दोन्ही बाजूंस लोकांची परसे दिसतात. दोरीवर कपडे वाळत असतात, कोठे मुलाची सायकल भिंतीला टेकलेली असते. जिना संपतो आणि एकाएकी समोर हिरवे मैदान उघडते. एखाद्याच्या स्वयंपाकघरातून देवळाच्या गाभाऱ्यात जावे तसा हा प्रकार आहे. मोठमोठ्या शहरांची काचेची मैदाने पाहिलेले लोकही हा जिना विसरत नाहीत. येथे पाहुणा अक्षरशः दुसऱ्याच्या घरातून आत येतो, आणि परक्या गावात आपण कोणाच्या तरी दारात उभे आहोत ही जाणीव त्याला आपोआप होते.

पण याच मैदानाने एके काळी ते दार बंद केले होते. 13 मार्च 1985 रोजी एफ. ए. चषकाच्या सहाव्या फेरीत लंडनचा मिलवॉल संघ येथे खेळावयास आला. त्याच्याबरोबर अपेक्षेहून कितीतरी अधिक जमाव आला. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल नसेल तोच जमाव मैदानात उतरला, आणि सामना बराच वेळ थांबवावा लागला. लूटनने सामना एका गोलने जिंकला. त्यानंतर खुर्च्या उपटून पोलिसांवर फेकण्यात आल्या, पोलीस व प्रेक्षक जखमी झाले, आणि दंगल गावातही पोहोचली. हे सारे दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रसेल्स येथील हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी चाल केली असता भिंत कोसळून 39 माणसे मेली, आणि इंग्लिश क्लबांना युरोपातील स्पर्धांची दारे बंद झाली. परगावचा पाठीराखा म्हणजे चालते-बोलते संकट, असे सरकारचे व वृत्तपत्रांचे मत बनले.

लूटनने यावर सर्वांत कडक उपाय केला. 1986-87 च्या हंगामापासून परगावच्या प्रेक्षकांना तिकीटच द्यावयाचे नाही. केवळ सभासदपत्र बाळगणाऱ्या स्थानिकांनाच प्रवेश. लीग चषकाच्या नियमांप्रमाणे पाहुण्या संघाच्या लोकांना जागा देणे बंधनकारक होते. लूटनने ती नाकारली, तेव्हा त्या वर्षी क्लबाला स्पर्धेतूनच काढून टाकण्यात आले. तरीही क्लब हटला नाही. बंदीचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावयाचा तर तो एकतर्फी निघत नाही. मैदानातील मारामारी जवळजवळ थांबली, शनिवारी घराची दारे लावून बसणाऱ्या शेजाऱ्यांना हायसे वाटले, आणि त्याच हंगामात संघाने पहिल्या विभागात सातवा क्रमांक मिळविला. तेवढा वरचा क्रमांक त्याने पूर्वी कधी मिळविला नव्हता. अर्थात त्या काळी लूटनच्या मैदानात गवताऐवजी कृत्रिम पृष्ठभाग होता, त्यावर पाहुण्या खेळाडूंचे पाय ठरत नसत. तेव्हा श्रेय बंदीचे की त्या पृष्ठभागाचे, हे सांगणे कठीण. हानी झाली ती मोजमापात न येणारी. एकाच बाजूचे लोक बसलेल्या मैदानात ओरडण्यास उत्तर मिळत नाही. सवालाला जबाब नसला तर शाहिरांचा सामना रंगेल काय?

शिवाय या बंदीत एक विसंगती होती. लूटनचे लोक स्वतः परगावी जातच होते. क्लबाच्या इतिहासातील सर्वांत आनंदाचा एक क्षण परक्या मैदानावरचाच आहे. मे 1983 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर शेवटच्या काही मिनिटांत राडी अँटिचने गोल केला, लूटन पहिल्या विभागात टिकले, आणि व्यवस्थापक डेव्हिड प्लीट भर मैदानात उड्या मारीत धावले. मे 1990 मध्ये, म्हणजे बंदीच्या अखेरच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, डर्बी येथे 3-2 असा विजय मिळाला म्हणूनच लूटन पुन्हा वाचले. तो विजय पाहण्यास गेलेले लूटनकर डर्बीच्या मैदानात पाहुणे म्हणून बसले होते. डर्बीनेही लूटनचाच नियम केला असता तर ते कोठे बसले असते?

सरकारला मात्र लूटनचा प्रयोग पसंत पडला होता. 1989 च्या कायद्यात देशभर सभासदपत्राची सक्ती करण्याची तरतूद झाली. परंतु त्याच वर्षी 15 एप्रिल रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक उंच कुंपणामागे चेंगरले. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या पुढे 97 झाली. सामना त्रयस्थ मैदानावर होता, म्हणजे मेलेले सारे परगावचे पाठीराखेच होते. जमाव मैदानात उतरू नये म्हणून उभारलेल्या कुंपणानेच त्यांना बाहेर पडू दिले नाही. न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशी करून पोलिसांचा ताबा सुटणे हे मुख्य कारण ठरविले आणि सभासदपत्राच्या योजनेलाही विरोध केला. योजना बारगळली, कुंपणे उतरली. आपल्या कलकत्त्यातही 16 ऑगस्ट 1980 रोजी मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात ईडन गार्डन्सवर 16 प्रेक्षक मरण पावले होते. तेव्हा हा प्रश्न केवळ टोपीकरांचा नव्हे.

1990 च्या हंगामापासून लूटनचे दार पुन्हा उघडले. आज पाहुण्यांचा वाटा नियमाने ठरलेला असतो. प्रीमियर लीगमध्ये यजमानाने 3,000 जागा, अथवा मैदान लहान असल्यास एकूण जागांच्या दहावा हिस्सा, परगावच्या लोकांस द्यावा लागतो. 2016 पासून त्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादाही आहे. ज्याला एके काळी संकट मानले, त्याच्यासाठी आता सवलत!

2009 साली लीगच्या बाहेर फेकला गेलेला हा क्लब 2014 मध्ये परतला आणि 2023 साली थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. जेमतेम बारा हजार माणसे मावणाऱ्या मैदानाची दुरुस्ती वेळेत न झाल्याने घरचा पहिला सामना पुढे ढकलावा लागला, आणि 1 सप्टेंबरच्या संध्याकाळी वेस्ट हॅमचे लोक ओक रोडच्या घरांमधून तो लोखंडी जिना चढले. लूटन त्या दिवशी 2-1 असे हरले, आणि दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली उतरले. गावात पॉवर कोर्ट या जागी दुपटीहून मोठे नवे मैदान बांधण्याचे क्लबाने ठरविले आहे. ते झाल्यावर पाहुण्यांस रुंद दारे मिळतील. ओक रोडवरील परसांत शनिवारी वाळत घातलेले कपडे मग कोणी परगावचा पाहणार नाही.