श्रीमंत देशातले दारिद्र्य

१९७३ साली अमेरिकेतल्या ११.१ टक्के लोकांची गणना सरकारने दारिद्र्यरेषेखाली केली होती. बरोबर पन्नास वर्षांनी, २०२३ साली, सरकारी आकडा पुन्हा ११.१ टक्केच आला. मधल्या काळात महागाई वजा करूनही त्या देशाचे दरडोई उत्पन्न दुपटीहून अधिक झाले. आपल्या बेळगावातल्या कितीतरी घरांची मुले-नातवंडे तिथे सुखात आहेत, त्यामुळे असे काही सांगितले की ऐकणाऱ्याचा पटकन विश्वास बसत नाही. पण ११.१ टक्के म्हणजे ३ कोटी ६८ लाख माणसे, कर्नाटकाच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक.

ही रेषा आखली कशी? मॉली ऑर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी १९६३ च्या सुमारास एक साधा हिशेब मांडला. तेव्हा कुटुंबाचा साधारण एक तृतीयांश पैसा खाण्यापिण्यावर जाई. म्हणून काटकसरीच्या आहाराचा खर्च काढायचा आणि त्याला तीनने गुणायचे. आजही तीच रेषा महागाईनुसार वर सरकवतात. आता मात्र अन्नापेक्षा घरभाडे, औषधपाणी आणि पाळणाघर यांचा भार मोठा आहे. उलट गरिबांना मिळणारी धान्याची मदत आणि करसवलती या मोजणीत धरतच नाहीत. थर्मामीटर असा दोन्हीकडून थोडा बिघडलेला आहे. २०११ पासून या गोष्टी धरणारे दुसरे मोजमापही जाहीर होते. तरी ताप आहे, हे दोन्ही मोजमापे सांगतात.

गरिबीचे कारण विचारले की पहिले उत्तर येते ‘आळस’. हिशेब करून पाहू. केंद्राने ठरवलेली किमान मजुरी तासाला सव्वासात डॉलर, जुलै २००९ पासून तेवढीच. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही खाडा न करता काम केले तर हाती येतात १५,०८० डॉलर. तीन माणसांच्या कुटुंबाची २०२३ ची दारिद्र्यरेषा २४ हजारांच्या वर होती. अनेक राज्यांनी आपला दर वाढवला, पण टेक्सास, जॉर्जियात केंद्राचाच दर चालतो. पूर्ण वेळ राबूनही कमावणारी आई दोन लेकरांसह रेषेखालीच राहते. हा आळस कसा म्हणायचा?

दुसरे कारण मला दवाखान्यात बसून कळले. पंधरा दिवसांचे औषध लिहून दिले की रोजंदारीवरचा माणूस म्हणतो, “डॉक्टर, सध्या दोनच दिवसांच्या पुड्या द्या.” मग दुखणे वाढते, रोज बुडतो आणि शेवटी खर्च चौपट होतो. गरीब असणे महाग पडते. अमेरिकेत पगार होईपर्यंत तगण्यासाठी दोन आठवड्यांचे कर्ज मिळते. शंभर डॉलरला पंधरा डॉलर आकार, म्हणजे वर्षाला सुमारे चारशे टक्के व्याज. आपल्याकडचा सावकारही लाजेल. काही राज्यांनी याला बंदी घातली आहे, पुष्कळांनी नाही.

आणि मदत कोणाला मिळते, तेही पाहावे. कर्ज काढून घर घेणाऱ्याला व्याजावर करसवलत आहे. अटीत बसला की ती मिळते, त्यासाठी रांग नाही. घरभाड्याच्या सरकारी मदतीला पात्र असलेल्या गरीब कुटुंबांपैकी मात्र साधारण चारातल्या एकालाच ती मिळते. बाकीची यादीत नाव घालून वर्षानुवर्षे थांबतात. दोन्ही सरकारचाच पैसा, पण पहिल्याला कोणी ‘मदत’ म्हणत नाही.

उपायच सापडला नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. १९५९ साली तिथल्या वृद्धांपैकी ३५ टक्के गरीब होते. सरकारने त्यांचे निवृत्तिवेतन वाढवले, १९७२ च्या कायद्याने ते महागाईशी जोडले, आणि आज वृद्धांतली गरिबी दहा टक्क्यांच्या आसपास आहे. किमान मजुरीला तशी जोड कधीच मिळाली नाही.

अलीकडचा पुरावा तर याहून बोलका आहे. २०२१ साली मुलांसाठीची करसवलत वाढवून वर्षाला मुलामागे ३,००० डॉलर केली, सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६००. अगदी उत्पन्न नसलेल्या घरालाही ती पूर्ण मिळाली, आणि जुलै ते डिसेंबर तिचा हप्ता दरमहा खात्यात आला. नव्या मोजमापाने मुलांची गरिबी आदल्या वर्षीच्या ९.७ वरून ५.२ टक्क्यांवर उतरली. यात कोरोनाकाळातल्या इतर रकमांचाही वाटा होता. पण वर्ष संपले, मुदतवाढीला सिनेटमध्ये पुरेशी मते जमली नाहीत, इतर रकमाही थांबल्या. २०२२ चा आकडा १२.४ टक्के निघाला. देशाची संपत्ती त्या एका वर्षात निम्म्यावर आली नव्हती.