हात हवेत, डोकं नको

बारामतीत क्रिकेटचं जे मोठं मैदान आहे, जिथे फेब्रुवारी 2020 मध्ये महाराष्ट्राचा संघ उत्तराखंडशी रणजी सामना खेळला, त्याला नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. अनेकांना हे नेहमीचंच नामकरण वाटेल. चौक, रस्ता, वसतिगृह, तसंच मैदान! पण आंबेडकर आणि क्रिकेट यांचा धागा खराच आहे. तो एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या हातात सापडतो. आणि तो ओढत नेला, की थेट कॅनडातल्या फुटबॉलपर्यंत पोचतो.

गोलंदाजाचं नाव पालवणकर बाळू. जन्म 1876, धारवाडचा. घर चर्मकार समाजातलं. बालपण पुण्यात लष्कराच्या सावलीत गेलं, आणि गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा शिवराम क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायची. पगार महिना 3 रुपये. मग युरोपियनांचा पूना क्लब, तिथे 4 रुपये. तिथे नेट बांधायचं, मैदान राखायचं, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे.

इथे जरा थांबून त्या नेटकडे नीट बघू. फलंदाजी करतो तो साहेब. घाम गाळून तासन्‌तास चेंडू टाकतो तो नोकर. पूना क्लबात बाळूंना बॅट हातात मिळत नसे. म्हणजे खेळ एकच, पण त्यातली कामं आधीच वाटलेली होती. एक काम मौजेचं, दुसरं मजुरीचं. त्या मजुरीतूनच एक अजब गोष्ट घडली. जे. जी. ग्रेग हे त्या काळचे नावाजलेले इंग्रज फलंदाज. बाळूंची गोलंदाजी खेळायला मिळावी म्हणून ते बाकीच्यांच्या आधी मैदानावर येत. आपल्याला बाद केलं की ते बाळूंना आठ आणे देत, असं सांगतात. चांगल्या फलंदाजाला रोज शेकडो चेंडू टाकायला मिळणं, ही कोणत्याही गोलंदाजासाठी चैनच. ती चैन इथे नोकरी म्हणून वाट्याला आली होती. क्लबाला वाटत होतं, आपण नेटमध्ये चेंडू टाकायला एक गडी ठेवलाय. प्रत्यक्षात त्यांच्याच खर्चानं देशातला सर्वोत्तम गोलंदाज तयार होत होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, आणि हा गोलंदाज तर शेजारच्याच मैदानावर. घ्यावा की न घ्यावा, यावर वाद झाला आणि शेवटी घेतलं. मग मैदानावर एक व्यवस्था जन्माला आली. बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलत, परत फेकत, त्यावर कुणाची हरकत नसे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. तोच चेंडू आणि तेच हात, पण सीमारेषा ओलांडली की विटाळ सुरू.

पुढे प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांवर 109 धावांनी मात केली. त्या सामन्यात बाळूंचे 8 बळी होते, आणि शिवरामही संघात होते. 1911 मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात सगळे सामने धरून 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात 103 धावांत 8. ते परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला, आणि त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता, असं इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. बारामतीच्या त्या नावाचा क्रिकेटशी असलेला धागा तो हा.

आता त्या दौऱ्याचा कप्तान कोण होता, ते बघा. पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय 19. बाळूंचं वय 35, आणि पाठीशी दीड-दोन दशकांची गोलंदाजी. पण कप्तानीचा प्रश्न वयाचा नव्हता, अनुभवाचा नव्हता आणि बळींचा तर नव्हताच.

हे ऐकल्यावर आपल्याकडचा माणूस म्हणेल, ही आपली जातीची गोष्ट. खरंच आहे. पण थक्क व्हायला होतं ते पुढे. हीच गोष्ट, अगदी हीच, समुद्रापलीकडे भलत्याच खेळात घडली आहे.

अमेरिकेत आणि कॅनडात ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडू लांबट असतो आणि खेळ बराचसा हातानं चालतो. कॅनडात एका बाजूला 12 गडी, अमेरिकेत 11. प्रत्येक चढाईआधी गडी गोळा होतात, आणि कोण कुठे धावणार, कोणी कुणाला अडवायचं, हे एक माणूस सांगतो. तो क्वार्टरबॅक. मग चेंडू त्याच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोंचे गडी त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्याच्याकडे साधारण तीन सेकंद असतात. तेवढ्यात बचाव वाचायचा, मोकळा साथीदार हेरायचा आणि चेंडू फेकायचा, नाहीतर स्वतः घेऊन पळायचं. कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याला सगळा संघ डोक्यात ठेवून एका श्वासात निर्णय घ्यावा लागतो, तसंच हे.

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू दुसऱ्या महायुद्धानंतर भराभर आले. पण धावणारे, अडवणारे, पकडणारे म्हणून. क्वार्टरबॅक मात्र जवळजवळ नेहमी गोराच. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या कृष्णवर्णीय मुलाला व्यावसायिक संघ सरळ सांगत, ये, पण जागा बदल. 1970 मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकेल्व्होग या दोन समाजशास्त्रज्ञांनी मैदानावरच्या जागांचा हिशोब मांडला. संघाच्या मध्यभागी असलेल्या, इतरांशी सतत संबंध येणाऱ्या जागा बघितल्या तर तिथे गोरे खेळाडू. कडेच्या, एकट्यानं खेळायच्या जागांवर कृष्णवर्णीय. फुटबॉलमध्येही तेच, बेसबॉलमध्येही तेच. म्हणजे दार उघडलं होतं, पण आतल्या खोल्या वेगळ्याच ठेवल्या होत्या.

मग काही जणांनी सीमा ओलांडली. 1951 मध्ये क्लीव्हलंड ब्राऊन्स या अमेरिकी संघानं बर्नी कस्टिसला निवडलं, पण क्वार्टरबॅक म्हणून नव्हे, बचावात. तो कॅनडात हॅमिल्टनला गेला आणि त्याच वर्षी तिथे क्वार्टरबॅक म्हणून उतरला. चक इली टोलेडो विद्यापीठाकडून सलग 35 सामने जिंकला, एकही न हरता. तरी 1972 च्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एकाही अमेरिकी संघानं त्याचं नाव घेतलं नाही. तोही हॅमिल्टनला गेला, आणि त्याच वर्षी संघाला ग्रे कप, म्हणजे कॅनडाचं अजिंक्यपद, जिंकून दिलं. आणि मग वॉरन मून. वॉशिंग्टन विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक जानेवारी 1978 मध्ये रोझ बाउल या मानाच्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेतले संघ आपल्याला त्या जागी खेळवणार नाहीत, हे त्यानं ओळखलं आणि निवडीची वाट न बघता कॅनडातल्या एडमंटनशी करार केला. 1978 ते 1982 असे सलग पाच ग्रे कप एडमंटननं जिंकले.

कॅनडाच का, याचं उत्तर थोडं खेळाच्या नियमांतही आहे. दहा यार्ड पुढे जायला अमेरिकेत चार संधी मिळतात, कॅनडात तीनच. मैदान मात्र कॅनडात जास्त रुंद, 65 यार्ड. संधी कमी आणि जागा मोठी, म्हणजे चेंडू जास्त फेकावा लागतो आणि पळता येणारा क्वार्टरबॅक सोन्यासारखा ठरतो. तिथे सगळे संतच राहत होते असं मात्र नाही. कस्टिसलाही पुढच्याच हंगामात धावणाऱ्याच्या जागी हलवलं गेलं. पण गरज मोठी असली की पूर्वग्रहाला वाट सोडावी लागते. पुण्याच्या क्लबानं बाळूंना घेतलं, तेही समता पटली म्हणून नव्हे, युरोपियनांना हरवायचं होतं म्हणून.

दोन्हीकडे युक्तिवाद कसा चालतो, तेही न्याहाळण्यासारखं आहे. संधी दिली नाही, म्हणून अनुभव नाही. अनुभव नाही, म्हणून संधी नाही. या गोल चक्रात कर्तृत्वाला शिरायला फट नसते. बाळू कितीही बळी घेवोत, त्यातून एवढंच सिद्ध होई की ते चांगले गोलंदाज आहेत. कप्तानीचा दाखला फक्त कप्तानी करूनच मिळतो.

हिंदू संघाचे कप्तान एम. डी. पै यांना बाळूंची योग्यता मान्य होती, आणि कप्तानीचा मान खरा बाळूंचा, असं त्यांनी बोलूनही दाखवलं होतं. 1920 मध्ये पै आजारी पडले. निवड समितीनं कप्तानी दिली पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे, आणि बाळूंना संघातूनच वगळलं. देवधर मोठे खेळाडू, यात वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम या पालवणकर बंधूंनी जाहीर निवेदन काढून माघार घेतली. बाळूंच्या मागचे तिघे भाऊ, शिवराम, विठ्ठल आणि गणपत, सगळेच पहिल्या दर्जाचे खेळाडू, त्यामुळे हा रुसवा समितीला परवडणारा नव्हता. तडजोड झाली. पै बरे होऊन परतले आणि बाळू उपकप्तान झाले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. चाळिशी उलटून गेलेल्या खेळाडूच्या वाट्याला आलेली कप्तानी ही एवढीच.

तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल कप्तान झाले. पहिल्याच वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांची स्पर्धा जिंकली. 1925 आणि 1926 मध्येही जिंकली. आता हे साल जगाच्या पाटीवर लिहून बघा. कस्टिस 1951. इंग्लंडनं विसाव्या शतकात पहिल्यांदा पगारी खेळाडूला, लेन हटनला, कप्तान केलं ते 1952 मध्ये. तोवर ती खुर्ची श्रीमंत हौशी मंडळींची होती. वेस्ट इंडीजनं पूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कप्तान, फ्रँक वॉरेल, नेमला 1960 मध्ये. रंग असो, वर्ग असो वा जात, प्रत्येक ठिकाणी कुलूप एकाच दाराला होतं. आणि या यादीत सगळ्यात आधी येतं ते मुंबईचं मैदान आणि एका चर्मकार कुटुंबातला मुलगा.

बाळूंचा पुढचा प्रवास सरळ नाही. 1932 च्या पुणे करारावर आंबेडकरांबरोबर त्यांचीही सही आहे. 1937 मध्ये मात्र ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून मुंबईत त्याच आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. 1955 मध्ये त्यांचं निधन झालं. वॉरन मून 1984 मध्ये अमेरिकेत परतला, या वेळी क्वार्टरबॅक म्हणूनच, आणि 2006 मध्ये तिथल्या फुटबॉलच्या सन्मान-दालनात जागा मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. 2023 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी अजिंक्यपदाच्या सामन्यात, तर दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते, आणि सामना कुठे बिघडला नाही.

बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी आहेत, सरासरी 15.21. हे सगळं मोजता आलं. त्यांनी क्षेत्ररचना कशी लावली असती, कुणाला कधी गोलंदाजी दिली असती, हे मोजायची सोय कुठल्याच धावफलकात नाही. म्हणून बारामती-इंदापुरात गावोगावच्या स्पर्धा बघताना संघात कोण कोण घेतलंय, एवढंच मोजून थांबू नये. टॉसला कोण जातो, आणि क्षेत्ररक्षकाला हातानं खूण करून कोण हलवतो, तेही बघावं. बरोबरीचा हिशोब तिथून सुरू होतो.