सुपरमॅनची गुणपत्रिका : क्रिप्टॉन ते साक्री, व्हाया मालेगाव

आमच्या हॉस्टेलमध्ये दोन विषयांवर कधीच एकमत होत नाही. पहिला म्हणजे मेसमधली भाजी नक्की कशाची होती, आणि दुसरा म्हणजे सुपरहिरोंच्या सिनेमांत सगळ्यात भारी कोणता. सबमिशनच्या आदल्या रात्री, चौघी जणी एकमेकींच्या फाइली उतरवत बसलो असताना हा दुसरा विषय निघाला. मी म्हटलं, नुसतं भांडण्यापेक्षा एकच हिरो घेऊ. सुपरमॅन. त्याचे सगळे सिनेमे ओळीने लावू. सगळ्या तयार झाल्या. मी यादी सांगू लागले आणि त्यात ‘मालेगाव का सुपरमॅन’ म्हटल्याबरोबर खोलीत जो हशा उठला, तो वॉर्डन मॅडम दारात येईपर्यंत थांबला नाही. “ए, ते काऊंट होत नाही!” असा निकालही लागला.

का होत नाही, ते मला नीट विचारायचं होतं. म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा फक्त एक पेपर होता. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.)

आधी परीक्षेची पद्धत. एकूण गुण १००. ‘उड्डाण’ ४० गुण : माणूस उडतोय यावर विश्वास बसतो का? ‘माणुसकी’ ४० गुण : हा हिरो खरंच कुणाला तरी वाचवतो का, की नुसत्या इमारती पाडतो? आणि ‘मामा’ २० गुण : माझे साक्रीचे मामा तो सिनेमा न उठता बघतात का? मामांचा गावात केबलचा धंदा होता. महामार्गालगतचं अर्धं साक्री त्यांच्या वायरवर टीव्ही बघायचं. सुट्टीत मी घरी आले की त्यांच्या कंट्रोल रूममध्ये बसायचे, आणि सुपरमॅन मी तिथेच पाहिला. त्यामुळे त्यांना एक्स्टर्नल नेमणं भागच होतं. पासिंग ४०. २०१६ चा बॅटमॅनबरोबरचा सिनेमा घेतला नाही. तो जोडविषय आहे.

आता निकाल, खालून वर.

९. ‘सुपरमॅन ४’ (१९८७) : ८ + २० + ४ = ३२. केटी.
ख्रिस्तोफर रीव्हचा शेवटचा सुपरमॅन. कल्पना चांगली होती : जगातली सगळी अण्वस्त्रं गोळा करून सूर्यात फेकायची. पण कॅनन या कंपनीने ठरलेलं बजेट जवळजवळ निम्म्यावर आणलं. मग न्यूयॉर्कऐवजी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला शूटिंग झालं आणि उडतानाचा एकच शॉट पुन्हा पुन्हा वापरला गेला. आपण एकाच रीडिंगवरून अख्खं जर्नल भरतो, तसंच. यातला खलनायक न्यूक्लिअर मॅन सूर्यप्रकाशावर चालतो आणि सावलीत गेला की बंद पडतो. आमच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तोही ढग आले की असाच मलूल होतो, पण तो निदान वीज तरी देतो.

८. हिंदी ‘सुपरमॅन’ (१९८७) : ० + २४ + १४ = ३८. केटी.
होय, असा सिनेमा आहे! ‘महाभारत’मधला दुर्योधन, म्हणजे पुनीत इस्सर, यात सुपरमॅन झालाय आणि खलनायक शक्ती कपूर. उड्डाणाला शून्य, कारण परग्रहाची आणि उडण्याची दृश्यं हॉलीवूडच्या सिनेमातून सरळ उचललेली आहेत. कॉपी केस. मामांनी मात्र आवडीने पाहिला.

७. ‘सुपरमॅन ३’ (१९८३) : २२ + २० + १० = ५२.
कॉम्प्युटरच्या पोरांनी आवर्जून पाहावा. यातला गस नावाचा प्रोग्रॅमर कंपनीच्या पगारातले अर्ध्या-अर्ध्या सेंटचे तुकडे गुपचूप स्वतःच्या नावावर वळवतो. सिक्युरिटीच्या पुस्तकात ‘सलामी’ प्रकारची चोरी वाचली असेल, ती हीच. बाकी सिनेमात सुपरमॅन पाहुणा कलाकार वाटतो.

६. ‘सुपरमॅन रिटर्न्स’ (२००६) : ३२ + २० + ६ = ५८.
वीस कोटी डॉलरच्या वर खर्च. कोसळणारं विमान तो मैदानात अलगद टेकवतो, तो प्रसंग अप्रतिम. त्यानंतर दोन तास तो उदास. मामा मध्येच उठून एका गिऱ्हाईकाची वायर जोडून आले, आणि आल्यावर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

५. ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) : ३६ + १६ + १२ = ६४.
उडण्याचा वेग सगळ्यात खरा वाटतो तो इथे. आधी लांब उडी, मग धडपड, मग एकदम आवाजाच्या वेगाची भिंत फोडणं. पण शेवटी अख्खं शहर जमीनदोस्त होतं. माणुसकीला सोळा गुण द्यायलाही हात जड झाला.

४. ‘सुपरमॅन’ (२०२५) : ३२ + ३४ + १२ = ७८.
जेम्स गनचा. हा सुपरमॅन भर मारामारीत एक खार वाचवतो. हॉस्टेलमध्ये यावर टिंगल झाली, पण मला वाटतं सुपरमॅन म्हणजे हेच. मामांना क्रिप्टो हा कुत्रा आवडला.

३. ‘सुपरमॅन २’ (१९८०) : ३० + ३२ + १८ = ८०.
पहिल्या भागाचे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी याचाही मोठा भाग चित्रित केला होता. निर्मात्यांशी बिनसलं, आणि रिचर्ड लेस्टर यांनी तो पूर्ण केला. तरी टिकलाय. प्रेमासाठी शक्ती सोडलेला सुपरमॅन एका साध्या खानावळीत मार खातो आणि शेवटी परत येऊन हिशोब चुकता करतो. तिथे मामांनी टाळी वाजवल्याचं आठवतं.

आता दुसऱ्या नंबरआधी पहिला सांगते.

१. ‘सुपरमॅन’ (१९७८) : ३९ + ३६ + १६ = ९१.
त्या काळात माणूस उडवून दाखवेल असं कॉम्प्युटर ग्राफिक्स नव्हतं. मग माणूस उडवला कसा? तारा आणि क्रेन तर होत्याच, पण खरी गंमत झोरान पेरिसिक यांच्या झूम लेन्सच्या युक्तीत आहे. नट पडद्यापुढे टांगलेला. कॅमेऱ्याच्याच रेषेत आरसा लावून त्या पडद्यावर ढगांची फिल्म टाकायची. कॅमेऱ्याला एक झूम लेन्स, प्रोजेक्टरला एक, आणि दोन्ही एकमेकींना जोडलेल्या. कॅमेरा झूम करून चित्र मोठं करू लागला की त्याच प्रमाणात प्रोजेक्टर पडद्यावरचं चित्र लहान करतो. म्हणजे ढग होते तेवढेच दिसतात, पण नट मोठा होत जातो. आपल्याला वाटतं तो अंगावर उडत येतोय. प्रत्यक्षात तो एक इंचही हललेला नसतो! मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. या सिनेमाला दृश्य परिणामांसाठी खास ऑस्कर मिळालं.

पण उडणं एवढंच नाही. रीव्ह लॉइसच्या घरात चष्मा काढतो, खांदे सरळ करतो, आणि डोळ्यांदेखत क्लार्कचा सुपरमॅन होतो. त्यात कोणतीही लेन्स नाही.

२. ‘मालेगाव का सुपरमॅन’ : २४ + ४० + २० = ८४.
साक्रीहून धुळ्याला आलं की तिथून मुंबई-आग्रा रस्त्याने पन्नासएक किलोमीटरवर मालेगाव. पेपर वाचणाऱ्यांना ते २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे माहीत. खानदेशातल्या लोकांना यंत्रमागामुळे माहीत. शुक्रवारी माग बंद, आणि त्या दिवशी कामगार सिनेमाला. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग शिकून घेतलं आणि आपल्याच गावातले लोक घेऊन आधी ‘मालेगाव के शोले’ काढला. नंतर सुपरमॅन. हा सिनेमा कसा बनला यावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी २००८ मध्ये केली. ती पाहिली नसेल तर हा लेख इथेच सोडा आणि आधी ती पाहा.

ट्रॉली नाही, म्हणून कॅमेरा सायकलवर. क्रेन नाही, म्हणून बैलगाडी. आकाश नाही, म्हणून हिरवं कापड. कॅमेरा एकच, आणि तोही एकदा पाण्यात पडला. हिरो शफीक, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने इतका बारीक की वाऱ्यानेच उडेल. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्न. हा सुपरमॅन धुळीत गेला की त्याला धाप लागते, म्हणजे आपल्यासारखाच. आणि खलनायकाला काय हवंय? जगावर राज्य नको, क्रिप्टोनाइट नको. त्याला घाण हवी. जिकडे बघावं तिकडे तंबाखू खाऊन थुंकणारे लोक दिसले पाहिजेत, ही त्याची महत्त्वाकांक्षा. हॉलीवूडच्या एकाही लेखकाला आमच्या बसस्टँडचा खलनायक एवढा अचूक सापडला नसता.

आता खरं सांगायची वेळ आली. मी चौथीत असताना मामांनी मला हा सिनेमा पहिल्यांदा लावून दिला. मी हॉस्टेलमधल्या मुलींसारखीच हसले. शाळेत इंग्रजी सिनेमे बघणारी ना मी! “मामा, हे किती चीप आहे,” असं म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. मामा रागावले नाहीत. पुडी तोंडात रिकामी करता करता अहिराणीत एवढंच म्हणाले, “तो बी उडी ऱ्हायना ना!”

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. मामांची पुडी काही बंद झाली नाही. ती कुठून यायची ते आम्ही विचारत नव्हतो, कारण उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आधी तोंड कमी उघडायला लागलं. जेवताना ते भाकरीचे अगदी बारीक तुकडे करायचे आणि आम्हाला ती सवय वाटायची. २०१९ मध्ये नाशिकला ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग काढला. मामा वाचले, पण आता मऊ भातच खातात आणि त्यांचं बोलणं मामी आणि मी सोडून फार कुणाला कळत नाही. केबलचा धंदा त्याआधीच मोबाइलने खाल्ला होता.

शफीक वाचला नाही. २०१२ मध्ये ती डॉक्युमेंटरी थिएटरला लागली तेव्हा तो या जगात नव्हता. कर्करोगाने गेला. ऐन तरुण वयात. थुंकणाऱ्या खलनायकाशी जो पडद्यावर लढला, त्याची ही गोष्ट. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला. आदर्श गौरव नासिर झालाय आणि शशांक अरोरा शफीक. हा सिनेमावरचा सिनेमा, म्हणून यादीत धरला नाही. पण सुट्टीत घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर मामांना लावून दिला. एरवी ते बघताना सतत काहीतरी बोलतात. त्या दिवशी गप्प होते. संपल्यावर लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, “हाऊ आपला माणूस शे.” पहिल्या खेपेला मलाही कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

म्हणून मामांचे वीसपैकी वीस. माणुसकीचे चाळीसपैकी चाळीस माझे. ते दया म्हणून दिलेले नाहीत. बाकीचे सुपरमॅन जी संकटं अडवतात, ती कुणी तरी पटकथेत लिहिलेली असतात. या एकाने जे संकट अडवायला घेतलं, ते माझ्या घरात बसलेलं होतं, आणि मी हसत होते.

उड्डाणाला मात्र २४ च. तिथे मी प्रामाणिक आहे. हिरव्या कापडाच्या कडा दिसतात, हे मी लपवणार नाही. मामांना यादी वाचून दाखवली तर त्यांनी हेच चोवीस गुण पकडले. म्हणाले, तू इंजिनिअर होणार ना? मग खर्च किती आणि उडाला किती, ते बघ.

मुद्दा बरोबर आहे. कार्यक्षमता म्हणजे बाहेर आलेलं भागिले आत घातलेलं, हे आपण पहिल्या वर्षापासून घोकतोय. १९७८ च्या सिनेमाला साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास लागले. तो तेव्हाचा सगळ्यात महागडा सिनेमा समजला जायचा. मालेगावचा हिशोब हजारांत आणि लाखांत, तोही रुपयांत. या सूत्राने रीव्हसुद्धा खूप मागे पडतो.

तरी मी क्रम बदलला नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला खर्चाचा कागद दाखवत नाहीत, त्याला फक्त उडणारा माणूस दिसतो. मामांना हे पटलेलं नाही. त्यांनी रिचेकिंगचा अर्ज केलाय आणि दिवाळीच्या सुट्टीत सुनावणी आहे.

खोलीतल्या तिघींना मी ती डॉक्युमेंटरी दाखवली. एकीने नंतर बराच वेळ फाइल उतरवली नाही. दुसरी म्हणाली, “ठीक आहे, काऊंट कर.” तिसरी अजूनही म्हणते की ‘मॅन ऑफ स्टील’वर अन्याय झालाय. तिच्याशी भांडण चालू राहील.

तुमच्या घरात, खोलीत, कट्ट्यावर कुणाच्या खिशात पुडी असेल, तर त्याला यादी वाचून दाखवू नका. सरळ दोन नंबरचा सिनेमा लावून द्या. हसेल आधी. हसू द्या.