आधी वीज मोजा, मग बोर्ड घ्या
पेडलबोर्ड घेताना आपण आधी फळीचा आकार बघतो. मी म्हणेन, आधी वीज मोजा. साधं ओव्हरड्राइव्ह पेडल 9 व्होल्टवर 10-20 मिलिअँपिअर घेतं. मोठं डिजिटल रिव्हर्ब 300 मागू शकतं. 100 मिलिअँपिअरच्या आउटपुटवर ते नीट चालणार नाही. आउटपुटची क्षमता जास्त असली तर बिघडत नाही, पेडल हवी तेवढीच वीज ओढतं. व्होल्टेज मात्र जास्त झालं तर ते जळू शकतं.

आता, एकाच अडॅप्टरवरून सगळ्यांना साखळीने वायर दिली, की डिजिटल पेडलची किरकिर सामायिक ग्राउंडमधून डिस्टॉर्शनमध्ये शिरते आणि तिथे मोठी होते. घरी चालून जातं हो. स्टेजवर दोन गाण्यांमधल्या शांततेत तीच ऐकू येते. म्हणून प्रत्येक आउटपुट स्वतंत्र, आयसोलेटेड हवं. हा सप्लाय ज्या बोर्डाखाली बसेल आणि जो भरल्यावर एका हाताने जिना चढवता येईल, तो बोर्ड तुमचा.