डार्क स्टार (गाणे)

डार्क स्टार हे ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे गाणे आहे. त्याचे गीतकार रॉबर्ट हंटर. १९६८ मध्ये त्याची तीन मिनिटांहूनही लहान ध्वनिमुद्रिका निघाली, पण ती फारशी खपली नाही. १९६९ च्या लाइव्ह/डेड या अल्बममध्ये मात्र हेच गाणे सुमारे २३ मिनिटे चालते आणि चाहत्यांच्या मनातले डार्क स्टार ते हेच. शब्द थोडे, स्वररचना साधी. मधली सारी जागा उत्स्फूर्त वादनासाठी मोकळी असल्यामुळे प्रत्येक मैफिलीत ते नव्याने घडत असे.

याच कारणाने ‘डेडहेड’ म्हणवणारे चाहते आवडते गाणे सांगताना बहुधा त्याची तारीख आणि सभागृहही सांगतात. श्रोत्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणाला बँडची हरकत नसे. १९८४ पासून तर अशा श्रोत्यांसाठी वेगळी आसने राखली जाऊ लागली. या ध्वनिफितींची विनामूल्य देवाणघेवाण चाले. याउलट, अमेरिकेतील पहिल्या दहा गाण्यांत पोहोचलेले बँडचे एकमेव गाणे टच ऑफ ग्रे (१९८७) हे होय.

जुलै १९८४ नंतर पाच वर्षे बँडने डार्क स्टार वाजवलेच नाही. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे ते अचानक पुन्हा सुरू झाले. तेथील मैफिलींच्या जाहिरातीत बँडचे ‘वॉरलॉक्स’ हे जुने नाव वापरले होते. ३० मार्च १९९४ रोजी अटलांटा येथे ते शेवटचे वाजवले गेले. पुढील वर्षी गिटारवादक व गायक जेरी गार्सिया यांचे निधन झाले.