पंख्याचा आवाज

मित्राचा निरोप एका ओळीचा होता: ‘८० हजारांत गेमिंग लॅपटॉप सुचव.’ अशा निरोपाला मी मॉडेलचं नाव कळवत नाही. कुठे बसून खेळणार, किती वाजता, कोणाबरोबर, हे आधी विचारून घेतो. उत्तरं मिळाली की निम्मी निवड झालेली असते.

तो आईबरोबर डोंबिवलीला वन रूम किचनमध्ये राहतो. धाकटा भाऊ शिकायला श्टुटगार्टला गेलाय. आठवड्यातल्या दोन रात्री एकत्र खेळायचं, असं दोघांनी ठरवलंय. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे याचे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा. खेळ ‘इट टेक्स टू’. २०२१ साली आलेला हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकटात त्याच्याबरोबर खेळता येतो. अडचण एवढीच की आई बाजूच्याच खोलीत झोपलेली असते. याच्या जुन्या लॅपटॉपचे पंखे असे सुटायचे की भाऊ तिकडून विचारायचा, ‘दादा, मिक्सर लावलायस का?’ आणि इकडे आई कूस बदलायची.

हे कळल्यावर माझ्या यादीत सगळ्यात वर आवाज आला.

नोव्हेंबर २०२४ मधल्या एका शनिवारी आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी खरेदीला येणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. खाली फुटपाथवर केबल आणि ॲडॅप्टरचे ढीग, वर जिन्याजिन्यांतून दुकानं. ऑनलाइन थोडं स्वस्त पडलं असतं. पण पंखा कानाने ऐकायचा होता, आणि त्यासाठी माझ्या माहितीत दुसरी जागा नाही.

या किमतीत तेव्हा ठरलेली मंडळी होती: लेनोव्होचा एलओक्यू, एचपीचा व्हिक्टस, एसरचा नायट्रो, आसुसचा टफ. बहुतेकांत ग्राफिक्स कार्ड एकच, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५०, सहा जीबी मेमरीचं. ‘इट टेक्स टू’ला ते भरपूर होतं. मित्राला पुढेमागे ‘फोर्झा होरायझन ५’ही खेळायचा होता, त्यालाही पुरेसं. ४०६० साठी आणखी वीसेक हजार घालण्यात अर्थ नव्हता.

गिऱ्हाईक फसतं ते इथून पुढे. डब्यावर ४०५० लिहिलेली दोन यंत्रं एकसारखी असतील, असं आपण धरून चालतो. हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही चालवायची मुभा एनव्हिडिया लॅपटॉप बनवणाऱ्यांना देते. नाव तेच, चिप तीच. कोणी तिला पोटभर वीज देतो, कोणी अर्धपोटी ठेवतो. अर्धपोटी ठेवण्याचं कारण बहुधा एकच असतं. कवच पातळ आहे, आत तांब्याच्या नळ्या कमी आहेत, उष्णता बाहेर काढायला जागा नाही. वॅटचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात सापडतो, दुकानातल्या पाटीवर सहसा नाही.

पहिल्या मजल्यावरच्या एका दुकानात काउंटरवर मराठी मुलगा होता. मी पेनड्राइव्ह पुढे केला तेव्हा तो जरा बिचकला. त्यात ‘युनिजिन हेवन’ होतं, २००९ सालचा एक मोफत चाचणी कार्यक्रम. आकाशात तरंगणारी बेटं, त्यांवरची दगडी घरं, एक ड्रॅगन. थांबवेपर्यंत हे दृश्य फिरत राहतं आणि कार्डाला क्षणाची उसंत देत नाही. ‘दादा, पाच मिनिटं चालेल ना?’ मुलाने विचारलं. मी वीस मागितली. पाच मिनिटांत सगळेच लॅपटॉप शहाण्यासारखे वागतात. धातू तापून पंख्यांचा खरा वेग कळायला पंधरा तरी लागतात. मालकांनी मान हलवली आणि दोन डेमो यंत्रं शेजारी शेजारी मांडून दिली. दोन्हींत ४०५०. एक देखणं, हलकं, ४५ वॅटचं. दुसरं जाडजूड, जवळजवळ अडीच किलोचं, शंभर वॅटच्या आसपासचं. एसीचा आवाज आड येत होता, तोही त्यांनी बंद केला. कोणी एवढं करतं तेव्हा मला खरेदी तिथेच करावीशी वाटते.

पंधरा मिनिटांनी दोन्ही यंत्रं घोंघावत होती. मित्र जाड्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘अरे, हा तर जास्त ओरडतोय. आई उठून बसेल.’

बरोबर होतं त्याचं. शंभर वॅटची उष्णता फेकायची तर पंखे पळणारच. मग मी दोन्हींवर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन फ्रेमची मर्यादा ६० वर बांधली. सेकंदाला ६० चित्रं झाली की कार्डाने थांबायचं, पुढची घाई करायची नाही. दोघं भाऊ मिळून कोडी सोडवतात त्या खेळाला साठ पुरतात. एका कोपऱ्यात कार्डाची वीज दाखवणारी काळी खिडकी उघडून ठेवली होती. जाड्याचा आकडा उतरत चाळिशीत आला. दोनेक मिनिटांत पंखे मंदावले, आणि मित्राने कान कीबोर्डजवळ नेला.

चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावा लागतो, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. शेवटच्या थोड्या वेगासाठी सर्वाधिक वीज जळते. तेवढा वेग सोडून दिला की उष्णता झपाट्याने उतरते. मर्यादा बांधल्यावर दोन्ही यंत्रांचं काम तेवढंच होतं, उष्णताही जवळजवळ तेवढीच. पण जाड्याकडे ती पसरायला दुप्पट जागा होती, म्हणून पंखे सावकाश फिरून भागत होतं. देखण्याचे पंखे अजून बारीक, शिट्टीसारख्या आवाजात पळत होते. रात्रीच्या शांततेत तो वरचा सूरच झोपलेल्या माणसाला टोचतो. शांत लॅपटॉप हवा असेल तर ताकदीचा घ्यावा आणि त्याला हळू चालवावं, हे माझं कित्येक वर्षांचं मत त्या दिवशी मित्राने स्वतःच्या कानाने पडताळलं.

पडद्याचे रंग पारखायला त्याच्या फोनमधला दसऱ्याच्या तोरणाचा फोटो वापरला. ४५ टक्के एनटीएससी लिहिलेल्या पडद्यावर झेंडू आठवड्याचा वाळलेला दिसला. शंभर टक्के एसआरजीबीवाल्यावर तो आज सकाळचा होता. दोन्ही पडदे १४४ हर्ट्झचे, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात तेवढंच. सुदैवाने चांगला पडदा जाड्याचाच होता. त्यात आठ जीबी रॅमची एकच पट्टी होती. तशीच दुसरी बसवून घेतली, म्हणजे मेमरीला दोन वाटा मिळतात. लॅन केबलचं भोक आहे का, तेही पाहिलं. वायफायचे हिसके केबलने जातात. श्टुटगार्टचं अंतर मात्र कुठलंही कार्ड कमी करत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

बिल जीएसटीचं घेतलं, डब्यावरचा आणि यंत्राच्या पाठीवरचा सिरियल नंबर जुळवला, तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख पाहिली. हा भाग मी कधीही सोडत नाही. माझ्या पहिल्या लॅपटॉपची वॉरंटी मी विकत घेण्याआधी सात महिने सुरू झालेली निघाली होती, आणि ते कळलं तेव्हा मदरबोर्ड जळलेला होता.

दोन रात्रींनी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी टेबल, पाठीमागची जाळी मोकळी राहावी म्हणून यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे. बाहेरच्या खोलीत काकू झोपल्या होत्या. फ्रेमची मर्यादा ६०. छताचा पंखा ऐकू येत होता, फ्रीज मधूनच गुरगुरत होता. पडद्याचे दोन भाग झाले, डावीकडे हा, उजवीकडे तो. हेडफोनच्या एका बाजूने मीही ऐकत होतो.

‘दादा,’ भाऊ म्हणाला, ‘ऐकू येतंय ना? तुझ्याकडून काहीच आवाज येत नाहीये.’

‘येतंय,’ हा हळूच म्हणाला. ‘चल, तू आधी उडी मार.’